लॅपटॉपचा रेडिएटर

मे महिन्यातली रात्र. फुटबॉलच्या गेममध्ये सामन्याची शेवटची दोन मिनिटं उरली होती. धाकट्या भावाने पेनल्टी मारायला बटण दाबलं आणि पडदा एकदम काळा झाला. लाइट गेली म्हणावं तर डोक्यावरचा पंखा गरगरत होता. मी लॅपटॉप उचलायला हात घातला आणि तसाच मागे घेतला. कीबोर्डच्या वरची पट्टी चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी तापली होती. दहा मिनिटांनी तो पुन्हा सुरू झाला, पण माझ्या पोटात खड्डा पडायचा तो पडलाच. नोकरीच्या पहिल्या वर्षात महिन्या-महिन्याला बाजूला टाकून जमवलेल्या पैशांतून जानेवारी २०२१ मध्ये हा लॅपटॉप घेतला होता. आय-५ १०३००एच प्रोसेसर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, दोन पंखे. वॉरंटी केव्हाच संपलेली.

आमचं घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, खनिजाचे ट्रक जायचे त्या रस्त्यापासून दोन घरं आत. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं तिथेच येऊन थांबणार आहे.

मी औषध कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करतो. तिथे पहिल्याच दिवशी कानावर पडतं ते हे, की जे लिहून ठेवलं नाही ते घडलंच नाही. प्रत्येक यंत्राजवळ नोंदवही, प्रत्येक खोलीत तापमान आणि आर्द्रतेची नोंद. दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही काढली, एचडब्ल्यू-इन्फो हे आतलं तापमान दाखवणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि पहिली ओळ लिहिली: खोली ३२ अंश, नुसता चालू ठेवून सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) ६१, वीस मिनिटं खेळल्यावर सीपीयू १००, जीपीयू (ग्राफिक्स कार्डची चिप) ८६. प्रोसेसरचा वेग कधी ३.९ गिगाहर्ट्झ, तर कधी धाडकन १.८. दोन्ही पंखे जिवाच्या आकांताने ओरडताहेत.

हा १०० चा आकडा कुठून आला ते शोधलं तेव्हा जीव थोडा खाली बसला. या प्रोसेसरची हद्दच इंटेलने १०० अंश ठरवून दिली आहे. तिथे पोचला की तो आपला वेग आणि व्होल्टेज कमी करून घेतो. पेनल्टीच्या आधी चित्र अडखळत होतं ते याच्यामुळे. वेग कमी करूनही ताप उतरला नाही तर यंत्र स्वतःहून वीज तोडतं. म्हणजे त्या रात्री लॅपटॉप मेला नव्हता, त्याने स्वतःला वाचवलं होतं. मला हे समजणं फार मोलाचं वाटलं. काळा पडदा बघून माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस दुकानात जाऊन समोरचा म्हणेल त्याला हो म्हणतो.

मीही शनिवारी पणजीतल्या एका दुकानात गेलो होतोच. काउंटरवरच्या माणसाने लॅपटॉप चालू केला, हात लावून पाहिला आणि म्हणाला, ‘मदरबोर्ड गेला. अठ्ठावीस हजार होतील.’ त्याने मागचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. मी वहीतला आकडा दाखवला तर म्हणाला, ‘ती सॉफ्टवेअरं काहीही दाखवतात.’ मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि कदंबची बस पकडून घरी आलो. बसमध्ये राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. अठ्ठावीस हजार म्हणजे आमच्याकडे एका घराचा दोन महिन्यांचा खर्च असतो.

मग मी एकेक उपाय करायला घेतला. नियम एकच: एका वेळी एकच बदल करायचा, रात्री नऊला, त्याच दोन संघांचा त्याच मैदानावरचा सामना वीस मिनिटं खेळायचा आणि आकडा लिहायचा. दोन गोष्टी एकत्र बदलल्या तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

आधी फुकटचे उपाय. धाकट्याला गादीवर लोळून खेळायची सवय होती, ती बंद केली. हवा तळातूनच आत जाते आणि गादी ती वाट बुजवून टाकते. टेबलावर ठेवून मागच्या बाजूला दोन लाकडी ठोकळे दिले, तेव्हा जीपीयू तीन अंशांनी उतरला. सीपीयू मात्र १०० वरच. मग चौदाशे रुपयांचा कूलिंग पॅड मागवला, निळे दिवे लागणारा. त्याने दोन अंश. चौदाशे रुपयांत दोन अंश! दोन ठोकळ्यांनी फुकट तीन दिले होते.

फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला निघणाऱ्या चित्रांवर, बंधन घालण्याचा गुण मात्र खरोखर आला. माझ्या पडद्याला सेकंदाला ६० चित्रंच दाखवता येतात. गेममध्ये चित्रांचा वेग पडद्याशी जुळवणारा ‘व्ही-सिंक’ बंद होता, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दीडशे-दोनशे चित्रं काढत बसायचं. खेळ सुरू होण्याआधी, नुसता संघ निवडायच्या पानावरही पंखे का किंचाळतात हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं. ६० ची मर्यादा घातली तसा जीपीयू आणखी उतरला.

आणि टर्बो. या प्रोसेसरचा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये तो ४.५ पर्यंत जातो. पण चिपला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या तर वर्गात. व्होल्टेज दीडपट झालं तर एवढ्यानेच वीज सव्वादोनपट. वरचा थोडासा वेग मिळवायला उष्णतेची केवढी किंमत मोजतो आपण! विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, अॅडव्हान्स्डच्या आत, ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ नावाची जागा आहे. तिथे १०० च्या जागी ९९ लिहिलं की टर्बो बंद. एका टक्क्याचा फरक दिसतो, पण सीपीयू १०० वरून ८४ वर आला आणि फुटबॉलमध्ये डोळ्यांना काहीही वेगळं जाणवलं नाही.

इथे मी थांबू शकलो असतो. धाकटा तर म्हणालाच, ‘दादा, झालं ना आता!’ पण वहीतली एक गोष्ट मला टोचत होती. नुसता चालू ठेवला तरी सीपीयू अजून ५८ च्या खाली उतरत नव्हता. काम नसताना ५८ कशाला? मी ओझं कमी केलं होतं, ताप का आला ते शोधलंच नव्हतं.

तेव्हा बाबा बाहेर बलकावात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसले होते. बाबांनी खाणीवरच्या गॅरेजमध्ये सव्वीस वर्षं काढली. टिपर, डोझर, लोडर, हाताखालून काय गेलं नाही ते विचारा. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांचं काम सुटलं. तेव्हापासून ते घरीच असतात, शेजाऱ्यांच्या स्कूटर बघतात. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावलेला नाही. मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी आकडे नीट वाचले, बोट ठेवून, एकेक ओळ. मग विचारलं,

‘याला रेडिएटर असतो?’

‘असतो. तांब्याची जाळी असते, पंख्याच्या तोंडाशी.’

‘मग आधी रेडिएटर बघायचा. गाडी तापली म्हणून कोणी इंजिन उतरवतं का रे?’

त्यांनी लॅपटॉप चालू करायला लावला, पंखे जोरात फिरू दिले आणि कॅलेंडरच्या जुन्या पानाची एक बारीक पट्टी फाडून मागच्या झडपेसमोर धरली. उजवीकडे पट्टी फडफडली. डावीकडे नुसती हलली. ‘हा चोंदलाय,’ ते म्हणाले. पणजीच्या दुकानात ज्याचं निदान मदरबोर्ड झालं होतं, ते बाबांनी कागदाच्या कपट्याने अर्ध्या मिनिटात केलं.

सामान जमवायला मी शुक्रवारी म्हापशाला गेलो. अस्नोड्यावरून जाताना आठवलं की आज म्हापशाचा बाजार. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत अर्धा तास गेला. बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच, आर्क्टिक एमएक्स-४ थर्मल पेस्टची, म्हणजे चिपची उष्णता वरच्या धातूपर्यंत पोचवणाऱ्या लेपाची, छोटी सिरिंज आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. या अल्कोहोलबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण हा माझ्या रोजच्या कामातला पदार्थ. कारखान्यात आम्ही पृष्ठभाग पुसायला ७० टक्क्यांचं वापरतो. त्यातल्या पाण्यामुळे ते हळू उडतं आणि जंतू नीट मरतात. सर्किटवर ते पाणी नको असतं, तिथे ९९ टक्क्यांचंच हवं. मेडिकलमधल्या बाटलीवर टक्के वाचल्याशिवाय ती घेऊ नका. आणि कारखान्यातून एक थेंबही घरी आणायचा नसतो, म्हणून विकतच आणलं.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी पांढरी चादर अंथरली. बाबा समोर, धाकटा मोबाइलचा टॉर्च धरून. तळाचे अकरा स्क्रू निघाले. त्यांची लांबी सारखी नसते, म्हणून बाबांनी पुठ्ठ्यावर लॅपटॉपची आकृती काढली आणि जो स्क्रू जिथून निघाला तो तिथेच टोचून ठेवला. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आरपार जाऊन बोर्डात घुसतो. कडेच्या प्लास्टिकच्या खुंट्या जुन्या सिमकार्डच्या पट्टीने सोडवल्या. झाकण निघताच सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढली आणि पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरलं, उरलेली वीज निघून जावी म्हणून. बॅटरीची वायर जोडलेली असताना आत काहीही चाचपू नये.

मग डावा पंखा. तीन स्क्रू काढले, तो उचलला आणि तिघंही गप्प झालो.

पंखा आणि तांब्याची जाळी यांच्यामध्ये एक पट्टी होती. आधी मला तो कंपनीने बसवलेला फोमचा तुकडा वाटला, इतकी ती सरळ आणि सलग होती. चिमट्याने टोक धरून ओढलं तशी ती अखंड सुटून आली. बोटाच्या पेराएवढी रुंद, घोंगडीच्या काठासारखी जाड आणि लाल. करडी नव्हे, लाल. कपड्यांचे तंतू, धाकट्याचे केस, आणि ते सगळं एकत्र घट्ट बांधणारी आमच्या रस्त्याची माती. बाबांनी ती तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली. अंगठा गेरूत बुडवल्यासारखा झाला. ‘हीच,’ ते म्हणाले. सव्वीस वर्षं त्यांनी टिपरच्या रेडिएटरमधून हीच धूळ धुऊन काढली होती. खाणी बंद होऊन इतकी वर्षं झाली, आता कुठे थोडे ट्रक पुन्हा धावू लागलेत, पण ती माती रस्त्याच्या कडेला, माडांच्या पानांवर, कौलांवर पडूनच आहे. वारा सुटला की जनेलातून घरात येते. आई दिवसातून दोनदा झाडते. लॅपटॉपच्या आत झाडणारं कोणी नव्हतं.

मागे कुणीतरी सांगितलं म्हणून मी वर्षातून एकदा बाहेरून हातातल्या ब्लोअरने हवा मारत असे. त्याने काय झालं असेल ते तेव्हा डोळ्यांना दिसलं. बाहेरून हवा मारली की ती पट्टी आत सरकते, पंख्याने ओढली की परत जाळीला चिकटते. ती बाहेर पडायला वाटच नाही. पंखा उचलावाच लागतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर चुकूनही मारू नये, त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं. आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

जाळी बाबांनी साफ केली. रंगाचा मऊ ब्रश घेतला आणि पत्र्यांच्या दिशेने, वरून खाली, एकेक ओळ. आडवा ब्रश एकदाही फिरवला नाही. ‘आडवा मारला की पत्रे वाकतात, मग हवा कायमची अडते,’ एवढंच बोलले. जाळीपर्यंत येणाऱ्या तांब्याच्या चपट्या नळ्या बघून त्यांनी विचारलं, ‘यात पाणी कुठून भरतात?’ त्या नळ्यांमध्ये खरंच थोडंसं पाणी असतं. आत दाब अगदी कमी ठेवलेला, म्हणून ते लवकर उकळतं. चिपजवळ त्याची वाफ होते, ती जाळीपाशी जाऊन थंड होते आणि पुन्हा पाणी होऊन आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. पंप नाही, भोक नाही, कायमची बंद. हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिले. इतकं लक्ष देऊन त्यांना काही बघताना मी खूप दिवसांनी पाहिलं.

पेस्टचं काम माझं. हीटसिंकवर, म्हणजे चिपवर टेकून त्या नळ्यांना उष्णता देणाऱ्या धातूच्या भागावर, स्क्रूंजवळ १ ते ७ असे आकडे छापलेले होते. काढताना उलट्या क्रमाने, सगळे थोडे थोडे सैल करत जायचं. झाकण उघडण्याआधीच लॅपटॉप पाच मिनिटं चालवून कोमट केला होता, जुनी पेस्ट थोडी मऊ व्हावी म्हणून. तरी हीटसिंक सरळ वर ओढला नाही, हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवला. खालची पेस्ट पानाला लावून आठवडाभर राहिलेल्या चुन्यासारखी झाली होती, पांढरट आणि पापुद्रे सुटलेली. चिपच्या मधोमध तर जवळजवळ नव्हतीच. रोज तापणं आणि निवणं चालू असतं, त्यात ती हळूहळू कडेला ढकलली जाते. अल्कोहोलने भिजवलेल्या मऊ फडक्याने दोन्ही चिपा आरशासारख्या होईपर्यंत पुसल्या. नवी पेस्ट सगळ्या पृष्ठभागावर पातळ पसरली, कारण इथे चिप उघडी असते आणि एखादा कोपरा कोरडा राहिला तर तो तिथेच तापतो. द्रवरूप धातू वापर, आणखी दहा अंश उतरतील, असं एक मित्र म्हणाला होता. त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं, आणि थेंब घरंगळला तर बोर्ड शॉर्ट होतो. ते धाडस घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपवर करायचं नाही असं ठरवलं.

मेमरीवरचे निळसर मऊ पॅड जिथल्या तिथे राहिले होते, त्यांना हात लावला नाही. एक पॅड कोपऱ्यात थोडा फाटला होता. त्याच जाडीचा मिळेपर्यंत तोच ठेवला. वेगळ्या जाडीचा बसवला तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही.

संध्याकाळी चारला पुन्हा जोडून चालू केला. पंखा फिरल्याचा आवाज येईपर्यंतची ती दोन-तीन सेकंदं फार लांब होती. रात्री नऊला तोच सामना, तीच वीस मिनिटं. तुलना खरी व्हावी म्हणून टर्बो पुन्हा चालू केला. वहीतली ओळ: खोली ३१, नुसता चालू, सीपीयू ४४, खेळताना सीपीयू ८१, जीपीयू ६९. वेग ३.९ वरून हलला नाही. टर्बो बंद केल्यावर सीपीयू ६८. बाबांनी पुन्हा कागदाची पट्टी धरली. दोन्हीकडे सारखीच फडफडली, आणि बाहेर येणारी हवा आधीपेक्षा गरम होती. धाकटा दचकला, ‘ही तर जास्त तापली!’ बाबा म्हणाले, ‘बाहेर तापतेय ना? तीच आत अडकली होती.’

सगळा खर्च कूलिंग पॅड सोडून साडेअकराशे रुपये. त्यातले निम्मे स्क्रूड्रायव्हरचे, जे आता घरात राहणार आहेत.

एक नुकसान मात्र भरून आलं नाही. बॅटरी. झाकण उघडलं तेव्हा तिच्या एका कोपऱ्याला फुगवटा दिसला, बोटाने चाचपला तरच कळेल इतका. दोन-तीन वर्षं ती त्या भट्टीशेजारी शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत बसून होती, आणि लिथियमच्या बॅटरीला हेच दोन्ही सोसत नाही. फुगलेली बॅटरी तशीच वापरणं धोक्याचं, म्हणून ती त्याच रात्री काढली आणि ई-कचऱ्यात द्यायला वेगळी ठेवली. नवीन मागवलीय. ती येईपर्यंत लॅपटॉप चार्जरवरच चालतो, वीज गेली की बंद पडतो. आणि जूनमध्ये डिचोलीत वीज किती वेळा जाते ते इथल्या माणसाला सांगायला नको. नवी बसली की चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवणार आहे.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट नव्याने पाळतो. मित्राच्या एसी खोलीतून लॅपटॉप बाहेर आणला की लगेच चालू करत नाही. बाहेरच्या दमट हवेत त्याच्या थंड अंगावर दव धरतं, चष्म्यावर धरतं तसंच, आणि ते आतही धरतं. अर्धा तास पिशवीतच राहू देतो.

गणेश चवथीला सगळे भाऊबंद घरी होते. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, आरत्या झाल्या, जेवणं झाली आणि मुलांनी आतल्या खोलीत लॅपटॉप टीव्हीला जोडला. चार तास एकामागून एक सामने चालले. मध्येच बाबा आत आले, कोणाला न विचारता लॅपटॉपच्या मागे हात धरून उभे राहिले, आधी डावीकडे, मग उजवीकडे. वाकून पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाचला. मग कपाटातली वही काढून तारीख घातली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: खोली २९, सीपीयू ६७.